दावणीची माती

चहात साखर न घालणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला तो साखर कारखान्यात. माजलगाव भागातल्या आमच्या सहकारी कारखान्याला माती तपासायची एक लहानशी प्रयोगशाळा होती, तिचे ते साहेब. सभासद शेतकऱ्यांनी मातीच्या पिशव्या आणायच्या, आम्ही तपासून कागद द्यायचा, एवढंच तिथलं काम. शिपाई चहा आणायचा आणि दर वेळी विचारायचा, "साखर टाकू का सायेब?"

"कुठली हाय?"

"आपल्याच कारखान्याची."

"मग ऱ्हाऊ दे."

असं का, हे त्यांना कुणी विचारलं नाही. विचारणाऱ्यावरही त्यांचा संशय बसला असता.

अंगानं बारीक, नाक मोठं, डोळे सतत दाराकडं. गाव चौसाळ्याच्या बाजूचं, पण नेमकं कुठलं ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. कुणाच्या घरी जेवले नाहीत, कुणाच्या लग्नात बुंदीचा दाणा तोंडात टाकला नाही. पाणी स्वतःच्या काचेच्या बाटलीतलं. प्रयोगशाळेत एक लोखंडी ट्रंक होती आणि तिची किल्ली साहेबांच्या करगोट्याला बांधलेली. किल्ली लागली की ते भिंतीकडं तोंड करून शर्ट वर करायचे आणि आम्ही मुकाट खिडकीबाहेर बघायचो. आलेल्या प्रत्येक मातीचे ते दोन भाग करत. एक तपासायला, एक ट्रंकेत. का, तर उद्या कुणी भांडायला आलं तर.

शेतकरी पिशवी घेऊन आला की नाव, गाव, गट नंबर हे सगळं नंतर. पहिला प्रश्न एकच, "नमुना कुणी आणला?"

"मीच की सायेब. म्होरं उभा हाय न्हवं."

"तुमीच खांदला?"

"न्हाई, गड्यानं खांदला."

"मग गड्याला घेऊन या."

माणूस शिव्या घालत जायचा. साहेब पिशवी उचलून नाकाशी धरायचे, चिमूटभर माती तळहातावर घेऊन दोन थेंब पाणी टाकायचे, अंगठ्यानं मळायचे, पुन्हा वास घ्यायचे. मग स्वतःशीच म्हणायचे, "माती खोटं बोलत न्हाई. पिशवी बोलती."

मी तिथं लागलो तेव्हा रसायनशास्त्रातली पदवी घेऊन नुकताच बाहेर पडलो होतो. आमच्या घरात, भावकीत, आमच्या सगळ्या वस्तीत पहिला पदवीधर मी. माय-बाप कोयता घेऊन ऊसतोडीला जायचे, सहा-सहा महिने. बापानं जन्मभर अंगठा दिला. आणि मी कारखान्याच्या शिक्क्याखाली सही करत होतो. हे मी उगाच सांगत नाही. त्या सहीची मला घमेंड होती, आणि पुढचं सगळं त्या घमेंडीतनंच झालं. साहेब मला नावानं हाक मारत नसत. "ए बीएस्सी," म्हणत. त्या हाकेत कौतुक किती आणि टोमणा किती, ते मला कधी मोजता आलं नाही.

एकदा दोन वेगळ्या नंबरांच्या पिशव्या मी चाळत होतो. दोन्हींत हिरव्या बांगडीचा एकेक तुकडा निघाला. तुकडे जुळवले तर जुळले. म्हणजे माती एकच, नंबर दोन. माझे आकडे दोन्हींना सारखे येतात का, हे बघायला साहेबांनी तसं केलं होतं. मागचं आठवून पाहिलं तर हे दर आठवड्याला चालू होतं. माझं डोकं भडकलं.

"सायेब, तुमचा माझ्यावर इस्वास न्हाई का?"

"न्हाई," साहेब म्हणाले. "माझ्यावरबी न्हाई. म्हणून तर नंबर शिपायाला टाकायला लावतो. त्याला माती कळत न्हाई. ज्याला कळत न्हाई तो लबाडी कशाची करील?"

त्या दिवसापासून मीही त्यांच्यावर नजर ठेवायला लागलो. संशय हा काय त्यांच्या एकट्याच्या मालकीचा नव्हता.

आणि नजर ठेवावी असं होतंही. ते दुष्काळाचं लागोपाठ दुसरं वर्ष. धरणात पाण्याऐवजी भेगा दिसत होत्या. ऊसच नाही तर गाळप कुठलं? कारखान्याचं धुराडं गार पडलेलं, आणि एरवी उसाच्या गाड्या उभ्या राहायच्या त्या मोकळ्या मैदानात जनावरांची चारा छावणी बसलेली. गावोगावची माणसं आपापली गुरं घेऊन तिथंच पाल ठोकून राहिली होती. साहेब रोज संध्याकाळी स्कूटरवर पायाशी रिकामं पोतं घेऊन छावणीत जायचे आणि पोतं भरून आपल्या क्वार्टरवर न्यायचे. पोत्यात काय, तर शेण.

"शेण इकतो की काय सायेब?" शिपाई माझ्या कानाला लागला. "एकटा जीव. घरी ना गाय, ना म्हैस. रोज पोतंभर शेण काय अंगाला लावतो?"

मला ते पटलं. पटायचंच होतं.

त्याच उन्हाळ्यात कौसामावशी माझ्याकडं आली. सख्खी मावशी नव्हे. माझ्या मायच्या टोळीतली, एकाच फडात दोघींनी ऊस तोडलेला. मी पोटात होतो तेव्हा मायच्या वाट्याच्या मोळ्या तिनं डोक्यावर वाहिल्या, असं माय सांगायची. पुढं मावशीची कंबर गेली आणि कोयता सुटला. नाल्याकाठच्या तिच्या दोन तुकड्यांत विहिरीला थोडं पाणी होतं. त्यावर ती मेथी, शेपू, कोथिंबीर काढायची आणि सिरसाळ्याच्या बाजारात विकायची. दुष्काळात हिरवं पान कुठं दिसत नव्हतं, तेव्हा तिच्या जुड्या हातोहात जायच्या.

तिच्या शेताच्या वरच्या अंगाला, नाल्यालगत, दोन-तीन वर्षं एक पत्र्याची शेड होती. गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या फोडून त्यातलं शिसं वितळवायची भट्टी. माणसं कुठली, मालक कोण, कुणाला पत्ता नाही. एक दिवस शेड उठली. मागं फुटक्या खोक्यांचे ढीग आणि करडी राख राहिली. ती राख वाऱ्यानं आणि नाल्याच्या पाण्यानं खाली मावशीच्या रानात आली. पाठोपाठ तिच्या दोन शेळ्या तोंडाला फेस येऊन मेल्या. मग बाजारात कुजबुज सुरू झाली. कौसाची मेथी घेऊ नका.

"तू मातीचा डाक्टर हायस न्हवं?" मावशी म्हणाली. "माज्या रानाची तपासणी कर, आन चांगलं हाय म्हणून कागद दे. न्हाईतर मला ह्या कंबरंनं परत कोयता धरावा लागंल बग."

मी म्हणालो, आण माती. ती दुसऱ्या दिवशी स्वच्छ धुतलेल्या फडक्यात बांधून माती घेऊन आली. साहेब तेव्हा आठ दिवस रजेवर होते. जाण्याआधी मातीचे दोन भाग करून एक वेगळा ठेवायचा, हे मात्र बजावून गेले होते. तेवढं मी केलं.

मातीतलं कुजलेलं खत, म्हणजे सेंद्रिय भाग, मोजायची आमची रीत अशी की, माती चंचुपात्रात घ्यायची, वर एक नारिंगी द्रावण आणि तीव्र आम्ल ओतायचं. आमच्याकडच्या उन्हानं भाजलेल्या मातीत ते नारिंगी नारिंगीच राहतं, कसाबसा रंग बदलतो. मावशीच्या मातीवर ओतलं आणि पात्र एका क्षणात हिरवंगार झालं. म्हणजे सेंद्रिय भाग भरपूर. मी खूश झालो. म्हातारीनं रान राखलंय म्हणालो. शिशाच्या तपासणीचं यंत्र आमच्याकडं नव्हतं, म्हणून थोडी माती परभणीच्या मोठ्या प्रयोगशाळेत माणसाबरोबर पाठवली. तिकडून आलं, पिकाला लागेल असं सुटं शिसं जवळजवळ नाही. मी कागद केला, शिक्का मारला, सही ठोकली. मावशीला वाचता येत नव्हतं, पण सहीवरनं तिनं बोट फिरवलं. "हे तुजं नाव का रं?" म्हणाली. मी म्हणालो, हो.

साहेब रजेवरनं आले. नोंदवही उघडली. एका ओळीवर बोट थांबलं.

"ए बीएस्सी. ही माती कुठली?"

"शेतातली."

"ह्या जिल्ह्यातली? दोन साल झालं, जनावरं छावणीत हायेत, रानात शेणाचा पो पडला न्हाई, आन ह्या रानात एवढं सेंद्रिय आलं कुठून? आभाळातून?" त्यांनी वेगळा ठेवलेला भाग मागितला, तळहातावर घेतला, पाणी टाकलं, वास घेतला. पुन्हा घेतला. "नमुना कुणी आणला?"

"माझ्या मावशीनं."

"तू होतास?"

"न्हाई."

"मग तू सही कशावर केलीस? मातीवर का मावशीवर?"

शिपाई हसला. मला तेवढं पुरलं. त्याच दुपारी मी चेअरमनच्या नावे अर्ज लिहिला. साहेब छावणीतलं शेण रोज परस्पर नेतात, चौकशी व्हावी. सुंदर अक्षरात, खाली पदवीसकट सही.

चौकशीला साहेबांना बोलावलं. त्यांनी उत्तर लिहून दिलं ते सगळ्या कारखान्यात फिरलं. "शेण नेले. माती बांधायला." एवढंच. लोक पोट धरून हसले. दुसऱ्या दिवसापासून साहेबांना छावणीची बंदी आणि बदली वजनकाट्यावर. प्रयोगशाळा माझ्या ताब्यात आली.

फक्त ट्रंकेची किल्ली आली नाही. ती मागायला मी त्यांच्या क्वार्टरवर गेलो. हाक मारली, ओ आली नाही, म्हणून मागच्या अंगणात गेलो आणि जागच्या जागी थांबलो. भिंतीशी शेणाचा मोठा ढीग, वर ओलं पोतं, आत कुजून काळंभोर झालेलं. त्याच्या पुढं ओळीनं जुन्या तेलाचे कापलेले डबे. प्रत्येकात माती, प्रत्येकात मेथी. डब्यांवर नुसत्या नंबरांच्या चिठ्ठ्या, शिपायाकडून प्रयोगशाळेतच लिहून घेतलेल्या, वेड्यावाकड्या हातच्या. साहेब उकिडवे बसून एकेका डब्यातली चार-चार पानं कात्रीनं कापत होते.

"किल्ली पाहिजे?" वर न बघताच म्हणाले.

मी विचारलं, हे काय हाय?

"त्या बॅटऱ्यांच्या शेडखालची माती हाय. भट्टी पेटलती तवापासून माझा वहीम हाय तिच्यावर. काई डब्यांत शेणखत घातलं न्हाई. काईत थोडं, काईत बक्कळ. कशात किती, ते मी ध्यानात ठेवलं न्हाई. कागदावर लिहून पाकिटात घातलंय."

"आन मग?"

"पानं परभणीला धाडतो. ज्या डब्यात खत न्हाई त्याच्या पानात शिसं जास्ती येतंय. कुजलेलं खत हाय तिथं कमी." त्यांनी कात्री खाली ठेवली. एवढं बोलताना मी त्यांना आधी पाहिलं नव्हतं. "शिसं माती सोडून जात न्हाई बे. ते काय कापूर हाय उडून जायला? पण शेण कुजलं की त्याचा जो काळा भाग उरतो, तो शिशाला धरून बसतो. पाण्यात सुटू देत न्हाई, मुळीकडं जाऊ देत न्हाई. जनावर दावणीला बांधल्यावानी. जनावर मरत न्हाई, नुसतं बांधलेलं ऱ्हातं. आन दावंबी सडतं. आपल्या उन्हात खत जळून जातं. दरसाली घालावं लागतं. दावं सडलं की बैल सुटला."

"मग ताजंच शेण टाकायचं रानात. कुजवत कावून बसलात?"

"ताज्याचा जो पाणचट रस सुटतो, तो उलट शिशाला संगं घेऊन खाली पळतो. दाव्यासकट बैल पळाल्यावानी. म्हणून कुजवायचं." आणि मग माझ्याकडं पहिल्यांदा बघून म्हणाले, "तुझ्या मावशीची माती दावणीची हाय. मुताचा वास येतोय अजून. तसल्या मातीत शिसं असतं तरी ते बांधलेलं असतं. सुटं शिसं तुझ्या कागदावर दिसलंच नसतं."

मी खाली बघत उभा राहिलो. अर्ज मी केला, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी कात्री उचलली आणि पुढच्या डब्याकडं सरकले. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी फावडं घेऊन मी मावशीच्या रानात गेलो. नागमोडी चालत, आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डे घेत माती काढली. मावशी बांधावर बसून बघत होती. शेवटच्या खड्ड्याला ती उठून आली.

"कावून परत काढायलास?"

"मावशी, खरं सांग. ती माती कुठली होती?"

तिला त्यात लपवण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. "दावणीखालची. बैल बांधत होतो न्हवं का, तिथली. लई झ्याक माती हाय ती, लोण्यावानी."

"आगं, मी रानातली मागितली होती."

"तूच म्हणलास तपासणी हाय. तपासणीला कोन फाटकं लुगडं नेसून जातं का रं?"

पुढं मी हजारो पिशव्या तपासल्या आणि कळलं की हे एकट्या मावशीचं नव्हतं. गावोगावचे लोक बांधाखालची, उकिरड्याजवळची, झाडाखालची उत्तमातली उत्तम माती निवडून आणतात. त्यांना वाटतं, रान परीक्षेला बसलंय आणि नापास व्हायला नको. साहेबांचा तो प्रश्न येडपटपणा नव्हता.

खरी माती परभणीहून तपासून आली. नाल्याकडच्या तुकड्यात सुटं शिसं नको इतकं. वरच्या, म्हणजे नाल्यापासून लांब असलेल्या तुकड्यात बरंच कमी, पण पालेभाजीला भरवसा देण्याइतकं नाही. वजनकाट्यावर जाऊन साहेबांना कागद दाखवला. त्यांनी वाचला आणि परत दिला. "जुना कागद बाजारात हाय अजून. सही तुझी हाय. तूच जा."

सिरसाळ्याच्या बाजारात मावशीनं माझा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जुड्यांच्या वर काठीला बांधला होता. एक बाई जुडी हातात घेऊन मेथी निवडल्यासारखं करत होती आणि मावशी तिला सांगत होती, "बिनघोर घ्या बाई, माज्या भाच्याची सही हाय."

मी काठीला हात घातला.

"काय करायलास?"

"कागद चुकला मावशी. माघारी न्यायला आलो."

बाईनं जुडी खाली ठेवली. बाजूच्या दोघी-तिघी वळून बघायला लागल्या. मावशी हळू आवाजात म्हणाली, "लेकरा, तुजं नाव हाय म्हणून तर मी लावलाय रं."

"म्हणूनच नेतो."

तिनं मला अडवलं नाही. जुड्या परत टोपल्यात भरल्या. वाटेत शेळ्यांनी तोंड घालू नये म्हणून वर पटकूर टाकलं. टोपलं डोक्यावर घेताना कंबरेला हात लावून थांबली. "मंग आता कोयताच का?" एवढं विचारलं आणि गेली. त्या सालच्या हंगामाला मावशी टोळीबरोबर गेलीच. कंबर वाकत नव्हती म्हणून ऊस तोडायला नव्हे, टोळीच्या भाकरी थापायला. गाडीत चढताना मी तिला हात दिला. तिनं तो धरला, पण माझ्याकडं पाहिलं नाही.

पण ते दिवाळीनंतरचं. त्या उन्हाळ्यातच तिच्या रानाला खत हवं होतं, आणि साहेबांचं शेण मी बंद केलं होतं. मी चेअरमनकडं गेलो, अर्ज मागं घेतो म्हणालो. चेअरमन सुपारी कातरत म्हणाले, "असं कसं? कागद दिला तो दिला."

सुटका कुठून झाली तर साहेबांच्या नाकातून.

वजनकाट्यावर छावणीसाठी चाऱ्याच्या गाड्या मोजल्या जात. तिथं शंकेखोर माणूस बसवणं म्हणजे मांजराला दुधाच्या हंड्यावर नव्हे, उंदरांच्या बिळावर बसवणं. साहेबांनी भरली गाडी मोजली, खाली करून रिकामी मोजली, ड्रायव्हरला खाली उतरवून परत मोजली. एका सकाळी उसाच्या वाढ्यांची, म्हणजे शेंड्याच्या हिरव्या पाल्याची, गाडी आली. त्यांनी एक वाढं ओढून नाकाशी धरलं.

"ह्याच्यावर पानी मारलंय."

"दव पडलंय सायेब," ड्रायव्हर म्हणाला.

"उन्हाळ्याचं? माणसाला प्यायला घागर न्हाई, आन ह्या चाऱ्याला आंघोळ कुणी घातली बे? वजन वाढायला?"

त्या दिवशी एकही गाडी काटा ओलांडून आत गेली नाही. ठेकेदार चेअरमनच्या बंगल्यावर जाऊन बसला. चेअरमन त्या ठेकेदाराचे कोण लागत होते, मला माहीत नाही. संशय तेवढा आहे. पण आठव्या दिवशी निरोप आला, साहेबांनी ताबडतोब प्रयोगशाळेत परत यावं.

साहेब काट्याची खुर्ची सोडेनात. "आधी शेण. तेबी लेखी."

लेखी आलं. "सही कुणी केली?" साहेबांनी शिपायाला विचारलं. "तू होतास का सही करताना?" शिपाई नव्हता. साहेब स्वतः गेले, चेअरमनकडून पुन्हा समोर सही करून घेतली आणि मग काट्यावरनं उठले.

छावणी मोडली तेव्हा तिथलं शेण ट्रॅक्टरनं मावशीच्या बांधाला येऊन पडलं. ते आम्ही कुजवलं. नाल्याकडच्या तुकड्यात पालेभाजी कायमची बंद केली, तिथं कापूस लावायला सांगितला. वरच्या तुकड्यात खत घातलं, दुसऱ्या साली पुन्हा घातलं. दर वेळी पानं परभणीला गेली, दर वेळी नंबर शिपायानं टाकले. दुसऱ्या सालच्या पानांचा कागद चांगला आला तेव्हा साहेब म्हणाले, "एकदा अजून." तिसऱ्यांदा आला तेव्हा काहीच म्हणाले नाहीत. मावशीनं कोयता-टोळीचं नाव सोडलं आणि परत बाजारात बसायला लागली. नवा कागद मी दिला होता. तो तिनं काठीला बांधला नाही. "लोकांला आता माझं ठावं हाय," म्हणाली. मला बोचायचं ते बोचलंच.

साहेब निवृत्त झाले त्या दिवशी कारखान्यानं हार आणला होता. साहेबांनी फुलं उलटसुलट करून बघितली आणि हार टेबलावर ठेवला. पेढ्याला हात लावला नाही. माणसं पांगली. तेवढ्यात दारात कौसामावशी, पदराखाली मेथीची जुडी.

"सायेब, तुमी कुणाचं खात न्हाई म्हणत्यात. तरी आनलीया."

साहेबांनी जुडी घेतली. नाकाशी धरली. मग माझ्याकडं बघितलं.

"कुणी आणली?"

"मावशीनं."

"कुठल्या तुकड्यातली?"

"वरच्या."

"तू होतास?"

"होतो," मी म्हणालो. "मीच खुडली."

त्यांनी एक पान तोडलं आणि तोंडात टाकलं. मावशी त्यांच्या तोंडाकडं बघत होती, मीही. चावत चावतच त्यांनी उरलेल्या जुडीचे दोन भाग केले. एक रुमालात बांधून खांद्याच्या पिशवीत टाकला. दुसरा कागदी पाकिटात घालून त्यावर शिपायाकडून नंबर टाकून घेतला. मग भिंतीकडं तोंड करून शर्ट वर केला. आम्ही सवयीनं खिडकीबाहेर बघायला लागलो. वळून बघितलं तर करगोट्यातली किल्ली माझ्यापुढं धरलेली होती.